माळकरी मांजरीचं पोट

परवा फोनवर तुम्ही दोघांनी तुमचं मांजर दाखवलंत. काचेच्या खिडकीत बसून बाहेर बघत होतं, गळ्यात लाल पट्टा, समोर त्याची स्वतःची वाटी. त्याच्या खाण्याच्या पाकिटावर काय काय लिहिलंय ते धाकट्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडची मांजरं काय खातात?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मागच्या हिवाळ्यात आपल्या गल्लीत याच प्रश्नावरून बरीच धावपळ झाली होती. म्हणून लिहूनच सांगते. तुमची आई वाचून दाखवील.

आपल्या घराला लागून अक्कांचं घर आहे. तुम्ही आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला शेंगदाण्याचे लाडू दिले होते, त्याच अक्का. माझ्याहून थोड्या मोठ्या. मुलगे पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं, घरात त्या एकट्या आणि एका खोलीत ज्वारी, तूर, सोयाबीनची पोती. गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे मटण-मासे तर सोडाच, अंडंसुद्धा त्यांचा उंबरा ओलांडत नाही. आपल्याकडे रविवारी मटण शिजतं, मधल्या वारी सुकट असते. पौर्णिमेला मी विहारात जाते, एकादशीला त्या देवळात जातात, आणि दोघी परत आल्यावर आपल्या ओसरीत बसून गावाची खबरबात घेतो. आमची मैत्री जुनी आहे, पण ती ओसरीपुरती होती. आमच्या स्वयंपाकघरात अक्का कधी आल्या नव्हत्या. "तिथं तुमचं मटन शिजतंय, बाई," एवढंच म्हणायच्या. याशिवाय आणखी काही कारण असलंच तर मी ते विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

अक्कांची मांजर म्हणजे भुरी. त्यांच्या गोठ्यात जन्मली आणि पोत्यांच्या खोलीत मोठी झाली. तुकतुकीत अंग, जाड शेपटी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्याकडे बघितलं की अक्का सांगायच्या, "माळकरी हाय आमची भुरी. दूध-भाकरीवर वाढलीय. मांसाला तोंड लावत न्हाय." एकादशीला तिच्यापुढे भगरीची वाटी ठेवली जायची. भुरी ती हुंगायची आणि शेपटी उभी करून निघून जायची.

"बघा," अक्का म्हणायच्या, "निरंकार उपास करती."

उपास सोडायला भुरी कुठं जाते ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. गच्चीवरून ती आपल्या परसात उतरायची, तिथं तुमचे आजोबा तिच्यासाठी हाडं ठेवायचे. पुढं गल्लीच्या टोकाच्या घरी सुकटीची सोय होती. उंदरांची गणती तर वेगळीच. हे काही लपवलेलं नव्हतं. मी अक्कांना सरळ सांगितलं होतं, "अक्का, भुरी आमच्याकडे मटण खाते."

"वास घ्यायला येती, बाई. खात न्हाय."

"वास घेताना हाडं कडाकडा वाजतात व्हय?" आजोबा म्हणाले.

"खाता तुमी आन् नाव घेता तिचं!" अक्का म्हणाल्या, आणि तो विषय तिथं संपला.

दिवाळीनंतर भुरीला दोन पिल्लं झाली. थोडी मोठी होऊन बाहेर पडायला लागली तोच एकाला कुत्र्यानं नेलं. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसरं पिल्लू त्यांनी घरातच कोंडून ठेवलं. दार बंद, खिडकीला जाळी. भुरी रीतीप्रमाणे त्याच्यासाठी उंदीर धरून आणायची आणि दारात ठेवायची. अक्का "शिव शिव" करत तो झाडूनं गटारात लोटायच्या आणि पिल्लापुढे दूध-भाकरी कुस्करून ठेवायच्या. आईला मानवली ती पोरीला का मानवणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

पिल्लाला काही ती मानवेना. पोट सारखं बिघडलेलं, केस राठ, मागचे पाय लटपटायचे. अक्का कधी सुंठ उगाळून लावायच्या, कधी जायफळ. दृष्टही काढून झाली. पिल्लू त्यांच्या पदरात झोपायचं आणि दिवसेंदिवस हलकं होत चाललं होतं. ओसरीत बसल्या की त्या गप्पांमध्ये नसायच्याच, हात पदराखाली पिल्लाच्या पाठीवर.

अशात माझ्या धाकट्या बहिणीची नात आपल्याकडे राहायला आली. तुमची लांबची ताई लागते. ती जनावरांची डॉक्टर होते आहे. खोक्यात बाटल्या, चमचे, हातमोजे आणि एक मोठं भिंग घेऊन आली होती. तिचं काम असं, की माणसाच्या घरात राहायला लागल्यावर मांजराच्या आतड्यातले जिवाणू बदलतात का, ते बघायचं. त्यासाठी तिला तीन तऱ्हेच्या मांजरांची शी हवी होती. घरातल्या मांजरांची, शेतावर राहणाऱ्यांची आणि उसात राहणाऱ्या रानमांजराची. ढोकीकडच्या फडांमधून तिनं रानमांजराची मिळवली होती. त्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्यांमागून फिरली, म्हणाली, आणि लोक तिला ऊस खायला देऊन देऊन हसले.

आता गल्लीतल्या मांजरांची पाळी होती. समोर एक घर बांधायला काढलंय, त्याच्या वाळूच्या ढिगावर गल्लीतली सगळी मांजरं सकाळी जातात. ताई हातमोजे घालून त्या ढिगापाशी उभी आणि मी तिला कुठल्या मांजरानं कुठं उकरलं ते दाखवायला. माझी शाळेतली शिकवायची सवय काही जात नाही. मी जागा ठरवून काड्या रोवल्या. येणारे-जाणारे थांबून विचारायला लागले.

अक्का दारातून बघत होत्या. "पोरगी काय हुडकती, बाई?"

"मांजराची शी."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकल्यावरच हे काम मिळतं, अक्का," आजोबा ओसरीतून म्हणाले. "आम्हाला कुणी हात लावू दिला असता का?"

ताईनं हसत हसत सगळं समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या पोटात अगणित बारीक जीव असतात, ते अन्न पचवायला मदत करतात, आणि कोण काय खातं त्यावर तिथं कुणाची वस्ती वाढणार ते ठरतं. अक्कांनी लक्ष देऊन ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"मंग आमच्या भुरीची ने की! दूध-भाकरीची हाय. आसली तुला तालुक्यात गावायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः खापरीच्या तुकड्यावर भुरीचा नमुना घेऊन आल्या. भुरी वाळूच्या ढिगावर बसलेली असताना त्यांनी समोर उभं राहून राखण केली होती, म्हणजे दुसऱ्या मांजराची सरमिसळ नको. ताईनं थोडा भाग बाटलीत भरला आणि उरलेला परसातल्या कट्ट्यावर काडीनं पसरून भिंगाखाली धरला. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"काय दिसतंय?" अक्कांनी विचारलं.

"आजी, तुम्हीच बघा."

अक्कांनी भिंगाला डोळा लावला. करडे केस होते, एकमेकांत गुंतलेले. काडीच्या टोकाएवढी हाडं होती. एक चपटा पांढरा तुकडाही होता, तो उंदराचा नक्की नव्हता. आजोबांनी तो ओळखला असावा, कारण ते एकदम आत निघून गेले आणि आतून त्यांचा खोकल्यासारखा आवाज यायला लागला.

"हे दुसऱ्या मांजराचं आसंल," अक्का म्हणाल्या.

"तुम्हीच राखण करून आणलंत, अक्का," मी म्हणाले.

त्यांनी आणखी एकदा बघितलं. मग पदर सावरला आणि घरी गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता आठवडाभर ओसरी सुनी राहणार. ताई बिचारी घाबरून गेली. "आजी, मी नको होतं का दाखवायला?"

पण दार लगेच पुन्हा उघडलं. अक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या पदरात पिल्लू होतं.

"भुरी उंदरावर जगलीय," त्या म्हणाल्या. "आन् हिच्या म्होरला उंदीर म्या रोज गटारात लोटला. सांग पोरी, ही जगंल का आता?"

पोरांनो, गल्ली ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं हसत होती, ती अशा रीतीनं अक्कांना पटली. त्यात हरल्याचं त्यांना काही वाटलं नाही. पिल्लाचं काय, एवढंच त्यांना हवं होतं.

ताईनं पिल्लाला तपासलं, त्याचाही नमुना बाटलीत भरला आणि तिच्या सरांना फोन लावला. मांजर कितीही माणसाळलं तरी त्याचं पोट शिकाऱ्याचंच आहे, असं सरांनी सांगितलं. त्याला लागणारी काही द्रव्यं मांसातच असतात. आईचं दूध सुटल्यावर गाई-म्हशीचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही. दूध बंद करा, उकडलेलं अंडं आणि कोंबडीची कलेजी थोडी थोडी सुरू करा. एकदम भरपूर देऊ नका, कारण आतल्या जिवाणूंनाही नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो.

अक्कांना मी आपल्या कळंबच्या मोंढ्याचं, म्हणजे धान्यबाजाराचं, उदाहरण देऊन ते सांगितलं. बाजारात नुसतं सोयाबीन यायला लागलं तर सोयाबीनचेच व्यापारी पेढ्या थाटतील आणि तुरीचे उठून जातील. पुढं एके दिवशी तुरीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या तर घ्यायला कोण? तसं पिल्लाच्या पोटात सगळे दूध-भाकरीचे व्यापारी बसलेत. आता मांसाचे बोलवायचे तर हळूहळू बोलवावे लागतील.

"बोलवा," अक्का म्हणाल्या. "पन माझ्या घरात अंडं यायचं न्हाय."

ते खरंच होतं. उपाय आजोबांनी काढला. "राहायला सासरी, जेवायला माहेरी. आमच्याकडे पाठवा तिला जेवायला."

अक्कांनी पिल्लाला दुरडीत घालून आमच्या दारापर्यंत आणून दिलं. ओसरीत खायला ठेवावं तर कुत्र्यांची भीती, आणि भुरी येऊन सगळं फस्त करणार ते वेगळं. बाहेरच्या खोलीचं दार सदा उघडं. नीट कडी लागणारी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथं ठेवलं तर पिल्लू सरळ गॅसच्या सिलिंडरमागे जाऊन बसलं. कलेजी बारीक करून पुढं ठेवली, हललं नाही. अंडं चुरून ठेवलं, हललं नाही. मी बाहेर जाऊन फटीतून बघितलं. ताईनं जमिनीवर झोपून बघितलं. अक्कांच्या जुन्या लुगड्याची घडी आणून टाकली, तर त्या घडीवर येऊन झोपलं आणि खाल्लं मात्र काही नाही.

"तिनं एकादशी धरलीय," आजोबा म्हणाले, पण तेही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पिल्लाची मान धरली तर हाताला नुसती हाडं लागत होती. ताई म्हणाली, "आजी, हे आज खाल्लं नाही तर मग अवघड आहे."

अक्का परसात खिडकीखाली उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. खिडकीतूनच त्यांनी हाक मारली, "खा गं माझी बया, खा." आवाज ऐकून पिल्लू सिलिंडरमागून धावत बाहेर आलं. खिडकीकडे तोंड वर करून ओरडायला लागलं. वाटी पायाशी होती, तिकडे बघेना. अक्का हाक मारत होत्या, ते ओरडत होतं, आणि मध्ये भिंत.

हाक मारणं थांबलं. मग पुढच्या दाराशी चपला काढल्याचा आवाज आला.

अक्का आत आल्या. ओसरी ओलांडली, बाहेरची खोली ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या दारात आल्यावर नाकाला पदर लावला. डोळे घट्ट मिटले आणि मला म्हणाल्या, "धरा हाताला, बाई. कुटं बसू ते सांगा." मी त्यांना धरून पाटावर बसवलं. पिल्लू धावत आलं आणि त्यांच्या मांडीवर चढायला लागलं. त्यांनी चाचपडत त्याला खाली ठेवलं. पदरातूनच म्हणाल्या, "खाणारी ती. म्या नुसती बसले."

पिल्लानं वाटी हुंगली. एक घास घेतला, मान वर करून अक्का आहेत ना ते बघितलं, आणि मग वाटीत तोंड घालून जे खायला लागलं!

"खाती का?" अक्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"खाते."

"खरं सांगा."

"अहो, उघडा की डोळे."

त्यांनी एकच डोळा उघडला. पिल्लू गुरगुरत होतं, एवढासा जीव पण वाघासारखा. अक्कांचा दुसरा डोळाही उघडला, आणि पदर नाकावरच ठेवून त्या इतक्या हसल्या की पाट हलला. दारात उभी राहून ताई रडत होती आणि आजोबा तिला सांगत होते, "डॉक्टरीण बाई, पेशंट जेवतोय, तुम्ही का रडता?"

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. जेवणाच्या वेळी अक्का पिल्लाला घेऊन यायच्या, पाटावर बसायच्या. पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून, नाकाला पदर लावून. बोलताना पदर आड यायचा म्हणून तो हनुवटीपर्यंत खाली आला. मग खांद्यावर गेला. पिल्लाचं पोट आठवडाभरात बांधलं गेलं, केसांना तकाकी आली, आणि ते आमच्या पडद्यावर चढायला लागलं.

ताई जाण्याआधी एक दिवस त्या दोघींचं स्वयंपाकघरात बोलणं चाललं होतं. मी कणीक मळत होते.

"म्हंजी पोटातलं समदं खाण्यावरच हाय का गं?"

"नाही आजी. कुणाबरोबर राहतो त्यावरही थोडं असतं. एका घरात राहणाऱ्या माणसांचे आणि जनावरांचे काही जिवाणू एकमेकांकडे जातात. मांजर अंग चाटतं, आपण त्याला कुरवाळतो, ते आपल्याजवळ झोपतं."

अक्कांनी पिल्लाला मांडीवर घेतलं. "ही माझ्यापाशी झोपती. म्हंजी माझ्या पोटातलं हिच्या पोटात?"

"थोडेफार गेले असतील."

"आन् हिच्यातलं माझ्यात?"

"तेही."

मला वाटलं आता पदर परत नाकाला जाणार. पण अक्कांनी पिल्लाकडे असं बघितलं, जसं नातवाचं नाक आपल्यावर गेलंय म्हटल्यावर आपण बघतो. "मंग अर्धी माळकरी हायेच की ती," त्या म्हणाल्या. "बाई, ऐकलं का? शास्त्रात सांगितलंय."

पुढं ताईनं तपासणीचं फोनवर सांगितलं. शेतावरच्या मांजरांचं पोट उसातल्या रानमांजराच्या बरंच जवळ निघालं. भुरी घरातल्या आणि रानातल्या मांजरांच्या मधे, घरची पण आणि रानाची पण. पिल्लाचा आधीचा नमुना मात्र सगळ्यांपासून बाजूला. एवढ्या थोड्या मांजरांवरून काहीही ठामपणे म्हणता येणार नाही, असं तिच्या सरांनी तिला बजावलंय, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात एक गोष्ट गमतीची वाटते. शास्त्रज्ञ म्हणतात की मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांसाठी. कुत्रा माणसाच्या ताटातलं खायला पुष्कळ शिकला. मांजर थोडंसं शिकलं आणि उरलेली शिकार चालूच ठेवली. अक्कांच्या पोत्यांच्या खोलीत भुरी आजही तेच करते. तुमच्या काचेच्या खिडकीतल्या मांजराच्या पाकिटावर मांस सगळ्यात आधी का लिहिलेलं असतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पिल्लू आता मोठं झालंय. अक्कांच्या घराचं दार पुन्हा उघडं असतं, आणि भुरीनं दारात काही आणून ठेवलं की अक्का तोंड फिरवून म्हणतात, "ने बाई आत, तुझ्या लेकीला दे," आणि झाडू शोधत नाहीत. पिल्लू स्वतःचं पोट स्वतः भरतं. आमच्याकडे जेवायला यायची त्याला गरज उरलेली नाही. येतं ते सवयीनं, नाहीतर येतही नाही.

अक्का येतात. मागच्या रविवारी पिल्लू कुठंतरी गच्चीवर होतं आणि त्या एकट्याच येऊन पाटावर बसल्या. मांडीवर सुपात तूर, निवडत होत्या. गॅसवर मटण होतं. तुमचा फोन आला म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेले. तुमची आई कुठल्याशा सुट्टीबद्दल बोलत होती, आजोबाही फोनमध्ये डोकं घालून बसले, आणि आम्ही दोघंही गॅस विसरलो. आतून अक्कांचा आवाज आला, खणखणीत.

"बाई! तुमचं मटन लागतंय खाली!"

तुमच्या आईनं तिकडे तो ऐकला आणि विचारलं, "आई, हे कोण बोललं?" आम्ही आत धावलो. अक्कांनी गॅस बारीक केला होता, पातेल्यात पाण्याचा हबका मारून झाकण नीट बसवलं होतं, आणि परत पाटावर बसून तूर निवडत होत्या.

"बरं झालं तुम्ही होतात," आजोबा म्हणाले. "आता मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा."

"वासावरनं कमी वाटतंय," अक्का म्हणाल्या, मान वर न करता.

मी चव घेतली. खरंच कमी होतं.